जुन्या रोलप्लेइंग मासिकांचे अंक डिजिटल रूपात पुन्हा काढताना: हक्कांच्या वहीपासून विक्रीच्या फाइलपर्यंत

रोलप्लेइंग, म्हणजे पात्रं घेऊन फाशांनी खेळायच्या खेळांची, जुनी मासिकं डिजिटल करताना बहुतेक जण स्कॅनरपासून सुरुवात करतात, आणि चूक तिथेच होते. अंक काढले, पिना उचकटल्या, महिनाभर पानं काचेवर ठेवली, पीडीएफ तयार झाली. मग कुणीतरी विचारतं, "अठराव्या अंकातल्या त्या कॉमिकची परवानगी घेतली होती ना?" काम तिथेच अडतं. दुसरी तऱ्हा याच्या उलट. परवानग्या सगळ्या जागेवर, पण वाचकाने खजिन्याच्या तक्त्यात ‘२डी८’ (आठ बाजूंचे दोन फासे) शोधलं तर काहीच सापडत नाही, आणि घडीच्या नकाशातली नेमकी गुप्त दाराची खोली बांधणीत गेलेली.

हा लेख ज्यांच्याकडे मासिकाचे हक्क आहेत किंवा रीतसर येऊ घातले आहेत त्यांच्यासाठी आहे: मूळ प्रकाशक, त्याच्याकडून नाव विकत घेतलेला छोटा गट, किंवा जुन्या संपादकाने ज्यांच्या हाती काम सोपवलं आहे असे लोक. कपाटातला अंक आपला आहे म्हणून तो स्कॅन करून वाटता येत नाही.

टप्प्यांचा क्रम बदलू नका. प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्यातल्या नोंदींवर उभा आहे.

## टप्पा १: अंक कागदावर फोडा

अंक हा हक्कांच्या हिशेबात एक वस्तू नसतो. चौसष्ट पानांच्या अंकात पंधरा-वीस जणांचं काम असतं: मुखपृष्ठाचं चित्र, आतली चित्रं, साहसकथा (खेळात खेळायचं तयार कथानक), तिचे नकाशे, लघुकथा, कॉमिक, परीक्षणं, वाचकांची पत्रं, जाहिराती. नकाशा काढणारा आणि साहस लिहिणारा हे पुष्कळदा वेगळे असतात, आणि श्रेयनामावलीत नकाशाकाराचं नाव सापडेलच असं नाही.

एक तक्ता उघडा. प्रत्येक नगाला एक ओळ, आणि रकाने असे: अंक क्रमांक, पान, नगाचं नाव, प्रकार, छापलेलं श्रेय, खरा कर्ता (टोपणनाव असेल तर), करार सापडला का, करारात नेमके कुठले हक्क दिले होते, कुठल्या खेळाचं नाव किंवा विश्व वापरलं आहे, सध्याची स्थिती. मी याला हक्कांची वही म्हणतो.

करार वाचताना एकच गोष्ट शोधा: नेमकं काय विकलं होतं? ‘पहिल्या छपाईचे हक्क’ आणि ‘सर्व हक्क’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकी मासिकांत कथा पुष्कळदा ‘उत्तर अमेरिकेतील पहिले मालिका-हक्क’ या अटीवर घेतल्या जात. म्हणजे मासिकाने एकदा छापलं, तिथे त्याचा हक्क संपला. करार सापडला नाही तर ‘सर्व हक्क असतीलच’ असं धरून चालू नका, ‘नाहीत’ असं धरा.

खेळाच्या नावाचा रकाना लोक विसरतात. समजा मासिक तुमचं आहे, लेखकाचीही परवानगी आहे, पण साहस दुसऱ्या कंपनीच्या खेळासाठी आणि तिच्या विश्वात लिहिलेलं आहे. त्या वेळी मासिकाला परवाना होता. तो आज लागू आहे का? आणि आज तो द्यायचा अधिकार कुणाकडे? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची प्रकाशक टीएसआर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळकंपनीने विकत घेतली. जीडीडब्ल्यू ही दुसरी खेळकंपनी १९९६ मध्ये बंद झाली आणि तिच्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळाचे हक्क त्याचे निर्माते मार्क मिलर यांच्याकडे परतले. अशी हस्तांतरं या धंद्यात नेहमीची आहेत. अंकावर छापलेला पत्ता बघून पत्र धाडू नका.

> तपासणी: वहीतली पानं जोडून बघा. पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत एकही पान, अगदी अर्ध्या पानाची जाहिरातसुद्धा, नोंदीबाहेर राहिलेलं नसावं.

## टप्पा २: परवानग्या, आणि ‘जसाच्या तसा अंक’ हा मुद्दा

या टप्प्यावर एक उदाहरण डोक्यात ठेवा. १९९९ मध्ये टीएसआरच्या ‘ड्रॅगन’ मासिकाचे पहिले २५० अंक सीडी-रॉम संचात निघाले. सोबत त्याच्या आधीच्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’चे अंकही होते. त्या अंकांतल्या ‘नाइट्स ऑफ द डिनर टेबल’ या कॉमिकच्या पुनर्मुद्रणाची परवानगी घेतलेली नव्हती. कॉमिकचे प्रकाशक केन्झर अँड कंपनी यांच्याशी तडजोड करावी लागली आणि त्यातून त्यांना जुन्या एडी अँड डीच्या (‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या) सामग्रीवर ‘हॅकमास्टर’ हा खेळ काढण्याचा परवाना मिळाला. विझार्ड्सएवढ्या मोठ्या कंपनीला काही पानांच्या कॉमिकने हे करायला लावलं.

त्याच सुमारास अमेरिकेत कायद्याचा प्रश्नही उभा राहिला होता. २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध तासिनी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की मुक्त लेखकांचे लेख अंकापासून सुटे करून डेटाबेसमध्ये टाकायला त्यांची वेगळी परवानगी हवी. पुढे ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या सीडी संचाबाबत अमेरिकेतल्या दोन अपील न्यायालयांनी, एकाने २००५ मध्ये आणि दुसऱ्याने २००८ मध्ये, प्रकाशकाच्या बाजूने कौल दिला. तिथे छापील पानं होती तशीच, पूर्ण अंकाच्या रूपात, जाहिरातींसकट दाखवलेली होती.

यातून कामाची गोष्ट एवढीच: पान जसंच्या तसं, अंक पूर्ण, क्रम मूळचा. नवी मांडणी करू नका, लेख सुटे विकू नका, ‘सर्वोत्तम साहसं’ असा नवा संच बांधू नका. तसं करायचं असेल तर प्रत्येक कर्त्याची स्वतंत्र लेखी संमती घ्या.

> इशारा: हा आधार अमेरिकी कायद्याचा आहे, आणि तोही करार त्याबाबत गप्प असेल तेव्हाचा. करारात उलट लिहिलं असेल तर करारच चालतो. इतर देशांत हे निकाल लागू नाहीत. विक्री सुरू करण्याआधी या विषयातल्या वकिलाला हक्कांची वही दाखवा. वही नीट असेल तर त्याचं काम निम्म्याने कमी होतं, आणि तुमचं बिलही.

परवानगीचं पत्र लहान ठेवा. कुठल्या अंकातलं, कुठल्या पानावरचं, कुठल्या रूपात, किती काळासाठी, मोबदला काय, आणि पुढे छापील प्रत काढली तर ती यात धरली आहे की नाही. शेवटचा मुद्दा आत्ताच लिहून घ्या. डिजिटल अंक चालला की मागणीनुसार छपाईचा मोह सहा महिन्यांत होतोच.

कर्ता सापडत नसेल तर शोधाची नोंद ठेवा: कुठे, कधी, कुणाला विचारलं. सापडत नाही म्हणजे हक्क संपले असं नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून अशा बेवारस कृतींसाठी बौद्धिक संपदा कार्यालयाकडून परवाना घेण्याची सोय आहे. अमेरिकेत अशी सर्वसाधारण सोय नाही. जिथे जोखीम घ्यायची नसेल तिथे ते पान रिकामं ठेवा आणि त्यावर एका ओळीत ‘हा मजकूर परवानगीअभावी वगळला आहे’ असं लिहा. पान काढून टाकून पुढची पानं सरकवू नका. अनुक्रमणिका, ‘पान ४२ वर पाहा’सारखे संदर्भ, सगळं मोडतं.

## टप्पा ३: किमान दोन प्रती जमवा

एका प्रतीवर काम करू नका. एक स्कॅनसाठी, दुसरी पडताळणीसाठी. या मासिकांत सुटे भाग फार असतात: मधोमध पिनेने अडकवलेला पटखेळ, कापून घ्यायच्या सोंगट्या, घडीचा नकाशा, वर्गणीचं कार्ड. वापरलेल्या प्रतीत नेमका हाच ऐवज नसतो, आणि नसल्याचं कळतही नाही, कारण तो सुटा असल्याने पान क्रमांकांत धरलेला नसतो. अनुक्रमणिकेत त्याचा उल्लेख शोधा आणि संपादकीयही वाचा. ‘या महिन्यात मधल्या पानांत खास भेट’ असं वाक्य बऱ्याचदा तिथेच सापडतं.

वाचकांनी पेन्सिलीने पात्रांचे हिट पॉइंट (जीव किती उरला ते आकडे) लिहून ठेवलेल्या प्रती गोड असतात, पण स्कॅनसाठी त्या नकोत. खोडरबर चालवाल तर त्याखालची छपाईही पुसट होते.

## टप्पा ४: बांधणी सोडवणं

इथे बांधणी ओळखण्याला महत्त्व आहे.

पिनेची बांधणी. पिनांची मधल्या पानावर दुमडलेली टोकं सरळ करून त्या अलगद काढा, ओढू नका. गंजलेली पीन कागद घेऊनच बाहेर येते. ताव मोकळा झाला की त्यावर चार पानं असतात: चौसष्ट पानांच्या अंकात १ आणि ६४ एका बाजूला, २ आणि ६३ दुसऱ्या बाजूला. म्हणजे मधलं जोडपान सोडलं तर अंकातलं प्रत्येक दोन पानी चित्र दोन वेगळ्या तावांवर असतं, आणि ते नंतर जोडावं लागणार आहे. शिवाय कडेची छाटणी बांधणीनंतर होते, म्हणून आतली पानं बाहेरच्या पानांपेक्षा एक-दोन मिलिमीटर अरुंद असतात. सगळी पानं एकाच मापात ‘आपोआप कापा’ असं सॉफ्टवेअरला सांगितलं की बाहेरच्या पानांच्या कडेची अक्षरं जातात.

गोंदाची बांधणी. पाठीवर गोंद असेल तर कटरखाली घालायची घाई नको. कटर पाठीकडचे तीन ते पाच मिलिमीटर खातो, आणि दोन पानी नकाशाचा मधला कॉरिडॉर तिथेच असतो. मी पहिल्या खेपेला एका अंकाचा असाच बळी दिला. दुसरी प्रत नव्हती. त्या नकाशातली एक अरुंद वाट आजही अर्धी आहे. गोंद हलक्या उष्णतेने मऊ करून पानं एकेक सोडवा. हे जमत नसेल तर इंग्रजी व्ही आकाराच्या पाळण्यावर अंक ठेवून वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या.

> तपासणी: सोडवलेल्या पानांना लगेच, बांधणीच्या क्रमाने, पेटीत ठेवा. पुन्हा पुन्हा उलटसुलट चाळू नका. उलटी-सुलटी बांधणी असेल (२००२ मध्ये ‘डंजन’ आणि ‘पॉलिहेड्रॉन’ ही दोन मासिकं अशी एकत्र निघू लागली, एक बाजू सरळ, दुसरी उलटी) तर दोन्ही बाजूंची मुखपृष्ठं कुठे आहेत ते वहीत लिहा.

## टप्पा ५: स्कॅन

मूळ फाइल एकदाच बनते, पुढच्या सगळ्या प्रती तिच्यावरून. म्हणून इथे कंजुषी नको.

- ६०० पीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल), २४ बिट रंगात. काळीपांढरी पानंसुद्धा. पिवळट कागद, फिकट निळी रेघ, राखाडी चौकट हे सगळं रंगातच नीट वेगळं होतं.
- टिफ फाइल, नुकसान न होणाऱ्या कॉम्प्रेशनने. मूळ प्रत जेपेगमध्ये ठेवू नका.
- स्कॅनरमधले ‘आपोआप सुधारणा’, ‘धार’, ‘जाळी काढा’, ‘पाठीमागचा रंग घालवा’ हे सगळे पर्याय बंद.
- पातळ कागद असेल तर पानामागे काळा पुठ्ठा. पलीकडची छपाई दिसणं बरंच कमी होतं. लोक पांढरा कागद लावतात, त्याने उलट होतं.
- दर बैठकीच्या सुरुवातीला रंगपट्टी स्कॅन करा. वर्षभराने मुखपृष्ठांचे रंग जुळवताना तिचीच मदत होते.

साठवणीचा हिशेब आधीच करा. साडेआठ बाय अकरा इंचांचं पान ६०० पीपीआयला ५१०० बाय ६६०० पिक्सेल होतं, म्हणजे न दाबलेली फाइल सुमारे १०० एमबी. मुखपृष्ठाच्या चार बाजू धरून ६८ पानांचा अंक जवळपास ७ जीबी. शंभर अंकांना ७०० जीबी, आणि मूळ फाइलींच्या तीन प्रती ठेवायच्या तर दोन टीबीच्या वर. तीनपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा पडताळणीचा आकडा) त्याच दिवशी काढून ठेवा. सहा महिन्यांनी एखादी टिफ उघडली नाही तर ती कधी बिघडली ते कळायला दुसरा मार्ग नाही.

फाइलींची नावं: मासिकाचं संक्षिप्त नाव, तीन अंकी अंक क्रमांक, तीन अंकी स्कॅन क्रमांक. छापील पान क्रमांक फाइलच्या नावात घालू नका. मुखपृष्ठाला क्रमांक नसतो, घडीच्या नकाशाला नसतो, आणि जुन्या अंकांत क्रमांक चुकलेलेही असतात.

> इशारा: कागद आत ओढणारे स्कॅनर वेगवान असतात, पण ओढीच्या दिशेने पान किंचित ताणलं जातं. मजकुराला चालेल. नकाशाला चालणार नाही.

## टप्पा ६: नकाशे आणि कापायच्या वस्तू

खेळणारे लोक हे अंक मुख्यतः यासाठीच घेतात, त्यामुळे नकाशे सपाट काचेवर आणि स्वतंत्र बैठकीत करा.

आधी कागदावरच्या चौकोनांचं माप स्टीलच्या पट्टीने घ्या. छपाईतच चौकोन एक इंचाचे नसतील तर तसं वहीत लिहा, सरळ करायला जाऊ नका. मग स्कॅनमध्ये मोजा. ६०० पीपीआयला एक इंचाचा चौकोन ६०० पिक्सेलचा यायला हवा, आडवा आणि उभा दोन्ही. आडवा ६०० आणि उभा ५९२ येत असेल तर स्कॅनर ताणतोय. दहा चौकोन एकत्र मोजले तर फरक चटकन दिसतो.

काचेपेक्षा मोठा नकाशा तुकड्यांत घ्या, शेजारच्या तुकड्यांत किमान पाव भाग सामाईक ठेवून. सगळे तुकडे काचेवर एकाच दिशेने ठेवा. एक तुकडा फिरवून ठेवला की दिव्याची सावली उलटी पडते आणि घडीच्या रेषा जुळत नाहीत. जोडणीच्या सॉफ्टवेअरला ‘दृष्टिकोन सुधारा’ करू देऊ नका, फक्त सरकवणं आणि फिरवणं. षटकोनी जाळी असेल तर जोडावर षटकोनाच्या सहाही बाजू डोळ्याने तपासा. सॉफ्टवेअर एक ओळ खाली जोडून मोकळं होतं आणि षटकोनी जाळीत ते सहज लपतं.

कापायच्या सोंगट्यांच्या पुढच्या आणि मागच्या बाजू दोन सलग पानांवर ठेवा. दोन्ही बाजू छापून जुळतात का ते खरोखर कागदावर छापून बघा, पडद्यावर नाही.

ऑनलाइन पटावर खेळणाऱ्यांसाठी नकाशाची वेगळी चित्रफाइल द्यायची असेल तर चौकोनाला ठरावीक पिक्सेल ठेवा. रोल२० वर एक चौकोन ७० पिक्सेलचा धरतात, त्यामुळे १४० सोयीचा पडतो. मात्र ही सुटी फाइल म्हणजे पुन्हा तोच ‘अंकापासून वेगळं’ करण्याचा मुद्दा. नकाशाकाराच्या संमतीत ती लिहिलेली हवी.

## टप्पा ७: साफसफाई, आणि आकडे बदलणारं कॉम्प्रेशन

सरळ करणं, कडा कापणं, डाग काढणं हे सगळं प्रतींवर करा, मूळ टिफवर कधीच नाही. छापील चित्रांतल्या ठिपक्यांच्या जाळीमुळे लहरी दिसतात. त्या घालवायच्या तर आधी पूर्ण ६०० वर जाळी मऊ करा आणि मग ३०० वर आणा. उलट क्रमाने केलं तर लहरी कायमच्या बसतात. डाग काढणारं साधन हलक्या हाताने वापरा. ते दशांशचिन्ह, उणेचिन्ह आणि नकाशावरचे सापळ्याचे ठिपके हे सगळं धूळ समजतं.

आता या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा इशारा. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. एका बांधकामाच्या आराखड्यात खोल्यांची क्षेत्रफळं वेगळी आली होती. कारण जेबिग२ हे कॉम्प्रेशन. ते जागा वाचवण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या आकारांना एकच समजतं आणि एका ६ च्या जागी ८ चं चित्र बसवतं. पान अस्पष्ट दिसत नाही. अगदी स्वच्छ दिसतं, फक्त चुकीचं असतं.

राक्षसांच्या आकडेवारीचे तक्ते बारीक टाइपात, पुसट शाईत छापलेले असतात, म्हणजे या चुकीसाठी आदर्श जागा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जेबिग२ असेल तर ते नुकसानरहित पद्धतीवर आहे याची खात्री करा. पर्यायच दिसत नसेल तर ते वापरू नका. फाइल दुप्पट झाली तरी चालेल.

> तपासणी: प्रत्येक अंकातले दोन दाट तक्ते निवडा आणि तयार पीडीएफमधला प्रत्येक आकडा कागदाशी ताडून पाहा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं.

## टप्पा ८: ओसीआर आणि फाशांची भाषा

पानाच्या चित्रामागे शोधता येणारा मजकूर नसेल तर अंक विकू नका. पण ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला) हे विषय कळत नाहीत. ‘१डी६’ मधला एक त्याला इंग्रजी छोटा एल वाटतो, ‘डी८’ मधला आठ मोठा बी होतो, ‘२डी१०’ मधलं शून्य ओ होतं. ‘थॅको’ (शत्रूला घाव लागायला फाशावर किती हवं ते सांगणारा आकडा) हा शब्द तर इंग्रजीत मुळात शून्याने संपतो, आणि जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिथे ओ घालतो. उणे आर्मर क्लासचं (बचावाचा आकडा, जितका कमी तितका बळकट) उणेचिन्ह गळतं आणि दुर्जय राक्षस पोरसवदा होऊन बसतो.

करायच्या गोष्टी, याच क्रमाने:

1. शब्दकोशानुसार आपोआप दुरुस्ती बंद करा. राक्षसांची, देवांची, गावांची बनावट नावं ती ‘सुधारते’.
2. प्रत्येक मासिकासाठी स्वतःची शब्दयादी बनवा. पहिल्या पाच अंकांतून निघालेली नावं पुढच्या पन्नास अंकांना पुरतात.
3. रकान्यांच्या सीमा हाताने आखा. तीन रकान्यांच्या पानात मधे जाहिरात असली की ओसीआर आडवं वाचतं आणि साहसाच्या वाक्यात मिनिएचर मूर्तीची किंमत घुसते.
4. फाशांची तपासणी चालवा. मजकुरातून इंग्रजी डी आणि त्यापुढचा आकडा असे सगळे नमुने काढा. २, ३, ४, ६, ८, १०, १२, २०, ३० आणि १०० सोडून जे काही उरेल ते हाताने तपासा. साधा नमुना-शोध आहे, पण यात ज्या चुका सापडतात त्या वाचून सापडत नाहीत.
5. शतमान तक्ते (शंभराच्या फाशाचे, ‘००’ म्हणजे शंभर) बघा. ‘०१–०५’ पासून ‘९६–००’ पर्यंत साखळी तुटता कामा नये. तुटली असेल तर एकतर ओसीआरची चूक, नाहीतर मूळ छपाईची.

मूळ छपाईची चूक असेल तर? चित्राला हात लावू नका. पुढच्या अंकांत शुद्धिपत्र आलं असेल तर त्या पानावर एक छोटी टीप-खूण टाका आणि शुद्धिपत्राच्या अंकाचा हवाला द्या. गुपचूप दुरुस्त केलेला अंक संशोधकाच्याही उपयोगाचा नाही आणि खेळाडूच्याही, कारण टेबलावर दुसऱ्याकडे छापील प्रत असते.

## टप्पा ९: पीडीएफ बांधणं

इथे काम थोडं, पण वगळलं की तक्रारी याच्याच येतात.

पान-नामं लावा. वाचकाने ‘पान ४२’ टाकलं तर छापील ४२ यायला हवं, फाइलमधलं बेचाळिसावं नव्हे. मुखपृष्ठाच्या चार बाजूंना वेगळी नावं, घडीच्या नकाशाला वेगळं. बुकमार्क छापील अनुक्रमणिकेवरून नाही, हक्कांच्या वहीवरून बनवा. छापील अनुक्रमणिकेत चुका असतात, आणि छोटी सदरं तिच्यात नसतातच. कर्त्यांची नावं मेटाडेटात भरा. दोन पानी चित्रं सलग पानं म्हणून ठेवा आणि जोडलेली प्रत शेवटी परिशिष्टात द्या. पहिल्या पानावर स्वतःचा शिक्का किंवा आडवं जलचिन्ह टाकू नका.

छापील मासिकाला आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) असेल तर डिजिटल आवृत्तीला तो चालत नाही. माध्यम बदललं की वेगळा घ्यावा लागतो.

## टप्पा १०: लोकांचे पत्ते आणि जुनी चित्रं

पत्रव्यवहाराच्या पानांवर आणि ‘खेळगडी हवेत’ सदरांत हजारो माणसांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर आहेत. त्यांतली कित्येक त्या वेळी शाळकरी मुलं होती. कागदावर हे पत्ते काही हजार लोकांनी पाहिले. ओसीआर केलेल्या फाइलमध्ये ते एका शोधात कुणालाही सापडतात. मी खाजगी पत्ते आणि नंबर चित्रातही झाकतो आणि मजकुरातूनही काढतो, नाव आणि पत्र ठेवतो. काही संग्राहकांना हे पटत नाही. मला त्यांचं म्हणणं कळतं, तरी मी झाकतो. फक्त वर काळी पट्टी ठेवून थांबू नका. पट्टीखालचा मजकूर कॉपी करता येतो. पानाचं चित्र झाकून मग त्याचं ओसीआर पुन्हा चालवा. दुकानांचे आणि कंपन्यांचे पत्ते तसेच राहू देत.

आज खटकणारी चित्रं, वर्णनं असतील तर सुरुवातीला एक छोटं निवेदन द्या. विझार्ड्सने २०२० मध्ये जुन्या पुस्तकांच्या विक्रीपानांवर असंच केलं. कापाकापी करू नका.

## टप्पा ११: एक अंक बाहेर काढा, मग थांबा

सगळे शंभर अंक एकदम टाकण्याचा मोह आवरा. एक मधला अंक निवडा, ज्यात घडीचा नकाशा, कॉमिक, दाट तक्ते आणि लघुकथा सगळं असेल. तो पाच जणांना द्या: एक फोनवर वाचणारा, एक जुना संग्राहक ज्याच्याकडे छापील प्रत आहे, एक स्क्रीन-रीडर वापरणारा, एक जण जो नकाशा छापून खरोखर खेळेल, आणि त्या अंकातला एखादा लेखक. शेवटच्याला वगळू नका. आपलं नाव चुकीचं छापलं गेलं होतं हे चाळीस वर्षांनी सांगणारे लेखक मला भेटले आहेत.

प्रत्येक फाइलला आवृत्ती क्रमांक द्या आणि बदलांची यादी शेवटच्या पानावर ठेवा. दुरुस्त फाइल आधीच्या ग्राहकांना मोफत मिळेल असं विक्रीचं ठिकाण निवडा. ड्राइव्हथ्रूआरपीजीसारख्या ठिकाणी नवी फाइल चढवली की जुन्या ग्राहकांना ती पुन्हा उतरवता येते.

आणि हक्कांबद्दल पत्र यायचंच, म्हणून त्याची वाट आधीच आखून ठेवा. पत्र आलं की त्याच दिवशी पोच द्या, हक्कांच्या वहीतली ती ओळ काढा, शोधाची नोंद जोडा. दावा खरा दिसला तर ते पान रिकामं असलेली फाइल त्याच आठवड्यात चढवता आली पाहिजे. म्हणून अंकाची प्रत्येक पीडीएफ पानापानाने पुन्हा बांधता येईल अशा रीतीने साठवा, एकसंध गोळा म्हणून नव्हे. मी ही फाइल आता आधीपासूनच तयार ठेवतो, ज्या ज्या नगाच्या ओळीत ‘कर्ता सापडला नाही’ लिहिलं आहे त्या प्रत्येकासाठी एक.